जुन्या घरातील तीन खाचांचे सॉकेट आणि ड्रायरची चार पिनांची कॉर्ड

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत एडिसनच्या परिसरात १९६८ च्या सुमारास बांधलेले एक घर एका मराठी कुटुंबाने विकत घेतले. आधीच्या टाउनहाउसमधून त्यांनी आपला विजेवर चालणारा कपड्यांचा ड्रायर बरोबर आणला. त्याच्या कॉर्डला चार पिना आहेत, तर नव्या घराच्या तळघरातील सॉकेटला तीनच खाचा आहेत. दुकानात चार पिनांचा प्लग तीन खाचांत बसवून देणारा अडॅप्टर मिळतो. एका परिचितांनी भिंतीवरचे सॉकेटच काढून चार खाचांचे बसवा, दहा मिनिटांचे काम आहे, असे सांगितले. घरात दोन लहान मुले आहेत, ड्रायरला लागूनच वॉशिंग मशीन आहे आणि खाली काँक्रीटची फरशी आहे. तीन खाचांमध्ये अर्थिंग आलेच ना, मग चौथी पिन कशासाठी, आणि पुढे पुण्याला परतताना हा ड्रायर तेथे चालेल का, असेही त्यांनी विचारले आहे.

उत्तर आधी सांगतो. भिंतीवरचे सॉकेट तसेच ठेवून ड्रायरची कॉर्ड बदलणे हा नियमात बसणारा आणि कमी खर्चाचा मार्ग आहे, परंतु त्यासाठी भिंतीमागची वायर एका जुन्या सवलतीच्या अटींत बसली पाहिजे, आणि कॉर्ड बदलताना ड्रायरच्या आत न्यूट्रल व पत्र्याची बॉडी यांना जोडणारी पट्टीही त्याच वेळी जागच्या जागी लावली पाहिजे. कॉर्ड आणि पट्टी ही कामे वेगवेगळी समजू नयेत. एक केले आणि दुसरे राहिले, तरी ड्रायर नीट फिरतो, कपडे वाळतात, आणि चूक वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. पॅनेलपासून, म्हणजे घरातील ब्रेकर असलेल्या मुख्य पेटीपासून, नवी चार तारांची वायर ओढता येण्यासारखी असेल, तर तोच सर्वांत चांगला उपाय आहे, आणि या घराचे वर्णन वाचून माझा कल तिकडेच आहे. अडॅप्टर मात्र आणू नये.

भारतातून आलेल्या जवळजवळ प्रत्येकाचा गोंधळ होतो तो तिसऱ्या पिनेबाबत. आपल्याकडे तीन पिनांचा प्लग म्हणजे एक फेज, एक न्यूट्रल आणि वरची जाड, लांब पिन अर्थिंगची, हे इतके अंगवळणी पडलेले असते की तीन खाचा दिसल्या की अर्थिंग आहेच असे आपण धरून चालतो. अमेरिकेतील ड्रायरच्या जुन्या सॉकेटमध्ये, म्हणजे प्लग-सॉकेटच्या अमेरिकी मानकात ज्याला नेमा १०-३० म्हणतात त्यात, तसे नसते. त्यातील दोन तिरप्या खाचा दोन वेगवेगळ्या फेजच्या असतात आणि इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची तिसरी खाच न्यूट्रलची असते. अर्थिंगसाठी त्यात खाचच नाही. नव्या १४-३० सॉकेटमध्ये दोन उभ्या खाचा फेजच्या, एल आकाराची न्यूट्रलची आणि गोल छिद्र अर्थिंगचे, अशी मांडणी असते. म्हणजे चौथी पिन ही जादा सोय नसून जुन्या सॉकेटमध्ये जे मुळातच नव्हते ते अर्थिंग आहे.

दोन फेज कशासाठी, हेही येथे सांगितले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. अमेरिकेत रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून घरात येणाऱ्या दोन फेज तारांमध्ये २४० व्होल्ट असतात आणि ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्याच्या बरोबर मध्यातून काढलेली तार न्यूट्रल असते. त्यामुळे कोणतीही एक फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये १२० व्होल्ट मिळतात. ड्रायरमधील हीटर साधारणपणे ५,४०० वॉटचा असतो आणि तो दोन्ही फेजवर, म्हणजे २४० व्होल्टवर चालतो. त्याला सुमारे साडेबावीस अँपिअर लागतात, म्हणूनच या लाइनवर ३० अँपिअरचा दोन पोलचा ब्रेकर असतो. परंतु ड्रम फिरवणारी मोटर, टायमर आणि आतला दिवा हे बहुतेक अमेरिकी ड्रायरमध्ये १२० व्होल्टचे असतात, आणि त्यांचा प्रवाह न्यूट्रलमधून परत जातो. हीटरला न्यूट्रलची गरज नसते, मोटरला असते.

आता या मोटरचा प्रवाह ज्या न्यूट्रलमधून परत जातो, तिलाच ड्रायरची पत्र्याची बॉडीही जोडायची, ही पद्धत येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तांबे वाचवण्यासाठी आधी विजेच्या शेगड्यांकरता मान्य झाली आणि पुढे ड्रायरलाही लागू झाली. स्वतंत्र अर्थिंगची तार वाचली आणि न्यूट्रलवर दोन कामे पडली. युद्ध संपले, टंचाई संपली, पण सवलत मागे घ्यायला अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेची १९९६ ची आवृत्ती यावी लागली. त्या आवृत्तीने नव्या लाइनसाठी चार तारा आवश्यक केल्या आणि आधीपासून असलेल्या लाइन काही अटींवर तशाच ठेवण्यास परवानगी दिली. प्रत्येक राज्याने ही आवृत्ती आपापल्या सवडीने स्वीकारल्यामुळे १९९६ नंतर काही वर्षांनी बांधलेल्या घरांतही तीन खाचांचे सॉकेट सापडू शकते. १९६८ च्या घरात ते असणे हा कोणाचा निष्काळजीपणा नाही. त्या काळचा नियमच तसा होता.

मग धोका कोणता? न्यूट्रल शाबूत आहे तोवर फारसा नाही. बॉडीवर जो काही एखाद-दुसरा व्होल्ट असतो तो जाणवत नाही. परंतु समजा सॉकेटमागचा न्यूट्रलचा स्क्रू वर्षानुवर्षांच्या गरम-गार होण्याने सैल झाला, किंवा कॉर्डमधली मधली तार टर्मिनलपाशी तुटली. अशा वेळी फेज मोटरमधून आणि टायमरमधून पुढे जाऊन न्यूट्रलच्या टर्मिनलपर्यंत येते, तिला परतीची वाट सापडत नाही, आणि पट्टीमार्गे ती बॉडीवर येऊन थांबते. ड्रायरच्या पत्र्यावर आता १२० व्होल्ट आहेत. मोटर बंद पडल्यामुळे माणूस काय झाले ते पाहायला पुढे येतो, एक हात ड्रायरवर आणि दुसरा शेजारच्या वॉशिंग मशीनवर ठेवतो. वॉशिंग मशीनला तिच्या स्वतःच्या प्लगमधून खरे अर्थिंग मिळालेले असते, त्यामुळे प्रवाहाला वाट मिळते ती त्या माणसाच्या छातीतून. ओलसर काँक्रीटवर अनवाणी उभे असलेल्या मुलाला तर दुसऱ्या मशीनचीही गरज नाही. ब्रेकर यातले काहीही ओळखत नाही, कारण ३० अँपिअरच्या तुलनेत हा प्रवाह नगण्य असतो. चार तारांच्या जोडणीत न्यूट्रल तुटली तर मोटर बंद पडते, एवढेच. बॉडी अर्थिंगला जोडलेलीच राहते.

हे समजले म्हणजे पहिले काम आपोआप ठरते: दुकानात जाण्यापूर्वी भिंतीमागे काय आहे ते पाहणे. मुखवट्यावरून सॉकेट ओळखता येते, वायर नाही. तरीही मुखवटा एकदा नीट पाहावा, कारण जुन्या घरात ड्रायरच्या जागी कधी कधी १०-५० चे सॉकेट असते. त्याच्याही तीनच खाचा असतात, पण मधली खाच एल आकाराची नसून सरळ असते, आणि ते मुळात ५० अँपिअरच्या शेगडीसाठी असते. त्या पॅटर्नची कॉर्ड आणून ड्रायर जोडणारे लोक आहेत. प्लग बसतो, पण मागे ४० किंवा ५० अँपिअरचा ब्रेकर असल्यामुळे ३० अँपिअरच्या ड्रायरला आणि त्याच्या कॉर्डला पुरेसे संरक्षण राहत नाही. तसे आढळल्यास थांबावे आणि लाइन दुरुस्त करून घ्यावी.

पॅनेलमधला दोन पोलचा ब्रेकर बंद करावा, त्यावर कोणी हात लावू नये म्हणून चिठ्ठी चिकटवावी, आणि सॉकेटच्या खाचांत मल्टीमीटर लावून दोन्ही फेजमध्ये तसेच प्रत्येक फेज आणि न्यूट्रलमध्ये शून्य आहे याची खात्री करावी. मीटर चालू स्थितीत आहे ना, हे आधी दुसऱ्या चालू सॉकेटवर पाहून घ्यावे. बंद पडलेला मीटरही शून्यच दाखवतो. त्यानंतर झाकण काढून सॉकेट हळूच पुढे ओढावे. १९६० च्या दशकातील वायर ताठर झालेली असते, तिला हिसका देऊ नये.

सॉकेटमागच्या पेटीत जे दिसते ते सहसा पुढीलपैकी एक असते. पहिला प्रकार म्हणजे काळी, लाल आणि पांढरी अशा तीन इन्सुलेशन असलेल्या तारा आणि अर्थिंगची तार नाही. तांब्याच्या तारा किमान १० गेजच्या किंवा ॲल्युमिनियमच्या किमान ८ गेजच्या असतील (गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड), तर ही लाइन जुन्या सवलतीत बसते. दुसरा प्रकार थोडा फसवा आहे. राखाडी किंवा काळपट जाड आवरणाच्या आत दोन इन्सुलेटेड तारा आणि त्यांच्याभोवती गुंडाळलेले, एकत्र पिळून शेपटीसारखे केलेले उघड्या धातूचे बारीक तंतू दिसतात. ही सर्व्हिस एन्ट्रन्स जातीची केबल होय. तिच्यातील ही उघडी शेपटी न्यूट्रल म्हणून वापरणे चालते, पण फक्त तेव्हाच, जेव्हा केबल थेट घराच्या मुख्य पॅनेलमधून निघालेली असते. नंतर कोणी घराचा विस्तार करताना मध्ये सब-पॅनेल, म्हणजे मुख्य पॅनेलवरून पुढे काढलेली दुसरी ब्रेकरची पेटी, बसवले असेल आणि ड्रायरची लाइन आता तिथून येत असेल, तर सवलत संपली. सब-पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग वेगळे ठेवावे लागतात, आणि उघडी न्यूट्रल पेटीच्या पत्र्याला कोठेही टेकली की ते वेगळेपण राहत नाही.

तिसरा प्रकार सरळ चुकीचा आहे आणि दुर्दैवाने दुर्मीळ नाही: नेहमीची घरगुती प्लास्टिक आवरणाची केबल, आत काळी आणि पांढरी तार आणि एक उघडी तांब्याची तार. येथे कोणीतरी पांढरी तार दुसरी फेज म्हणून आणि उघडी अर्थिंगची तार न्यूट्रल म्हणून वापरलेली असते. हे त्या काळीही मान्य नव्हते आणि आजही नाही. अशा सॉकेटवर कोणतीही कॉर्ड लावू नये. ब्रेकर बंदच ठेवावा आणि लाइन बदलावी.

चौथा प्रकार सुखद आश्चर्याचा असतो. पेटीत काळी, लाल, पांढरी या तिन्हींबरोबर चौथी उघडी किंवा हिरवी तारही आलेली असते, फक्त तीन खाचांचे सॉकेट लावताना ती मागे दुमडून ठेवलेली असते. केबलच्या आवरणावर गेज आणि सोबत अर्थिंग असल्याचा छापील मजकूर टॉर्चच्या उजेडात वाचता येतो. किंवा तारा लोखंडी पाइपातून आलेल्या असतात आणि धातूची पेटी त्या पाइपाला पक्की जोडलेली असते. शिकागो आणि त्याच्या आसपास धातूच्या पाइपातून वायरिंग करण्याची रीत असल्यामुळे तिकडच्या मराठी घरांना हा लाभ बहुधा मिळतो. पाइप पॅनेलपर्यंत अखंड असेल तर तोच अर्थिंगचे काम करतो. जुन्या लवचिक धातू-आवरणाच्या केबलवर मात्र असा भरवसा ठेवू नये. तिच्या आत आवरणाला लागून जाणारी बाँडिंगची (धातूचे भाग अखंड जोडणारी) पातळ पट्टी नसेल, तर सर्पिल आवरणाचा रोध इतका असतो की दोष आल्यावर ब्रेकर पडण्याऐवजी आवरणच तापते.

चौथ्या प्रकारात परिचितांचा सल्ला बरोबर ठरतो: १४-३० सॉकेट आणावे, चार तारा चार ठिकाणी जोडाव्यात, पॅनेलमध्ये त्या चौथ्या तारेचे दुसरे टोक खरोखर अर्थिंगच्या पट्टीवर आहे हे पाहावे, आणि ड्रायरला हात लावायचे कारण उरत नाही. परंतु पहिल्या दोन प्रकारांत तोच सल्ला घातक आहे. तीन तारांवर चार खाचांचे सॉकेट बसवायचे म्हटले की अर्थिंगच्या स्क्रूवर काय लावायचे हा प्रश्न येतो, आणि त्याचे जे उत्तर मी भिंतींमागे पाहिले आहे ते म्हणजे न्यूट्रलपासून अर्थिंगच्या स्क्रूपर्यंत एक छोटा तुकडा. बाहेरून सॉकेट नवे, नियमाप्रमाणे दिसते. आत परिस्थिती तीन तारांचीच राहते. पुढच्या मालकाला हे कळायला मार्ग नाही, म्हणून मला हे उघड्या तीन खाचांच्या सॉकेटपेक्षा वाईट वाटते. तीन खाचांचे सॉकेट निदान आपल्याकडे अर्थिंग नाही हे प्रामाणिकपणे दाखवते. अडॅप्टरलाही माझा आक्षेप हाच आहे. काही अडॅप्टरना हिरव्या तारेचे शेपूट असते आणि ते सॉकेटच्या झाकणाच्या स्क्रूखाली लावा असे सांगितलेले असते, पण त्या स्क्रूमागची पेटी प्लास्टिकची असली किंवा तिला अर्थिंगच नसले, तर ते शेपूट केवळ शोभेचे राहते, आणि चार पिनांच्या कॉर्डमुळे ड्रायरच्या आतली पट्टी काढलेली असल्याने बॉडीला कसलेच संरक्षण उरत नाही.

आता लाइन पहिल्या प्रकारात बसते आणि सध्या नवी वायर ओढणे शक्य नाही, असे धरून कॉर्ड बदलण्याकडे वळू. येथे ड्रायर सहसा कॉर्डशिवाय विकले जातात, कारण कोणाच्या भिंतीत काय आहे हे कारखान्याला माहीत नसते. कॉर्ड स्वतंत्र विकत मिळते आणि ती बदलणे हे यंत्राशी छेडछाड करणे नव्हे. ड्रायरची कॉर्ड म्हणूनच विकली जाणारी १०-३० प्लगची, ३० अँपिअरची कॉर्ड घ्यावी. तिच्या टोकांना बंद गोल कड्या असलेली निवडावी; उघड्या काट्यासारखी टोके स्क्रू किंचित सैल होताच निसटतात. लांबी गरजेपुरतीच असावी, कारण उरलेली कॉर्ड मशीनमागे गुंडाळून दाबली जाते.

ड्रायरचा प्लग भिंतीतून काढलेला असतानाच मागच्या बाजूचे छोटे झाकण उघडावे. आत काळ्या ठोकळ्यावर तीन स्क्रू एका ओळीत दिसतील. कडेचे दोन फेजचे, मधला न्यूट्रलचा. मधला बहुधा चंदेरी रंगाचा असतो. ठोकळ्याच्या बाजूला बॉडीच्या पत्र्यात घुसलेला एक हिरवा स्क्रू असतो. चार तारांच्या कॉर्डची काळी आणि लाल तार कडेला, पांढरी मध्ये आणि हिरवी त्या हिरव्या स्क्रूवर लावलेली दिसेल. आता पट्टी शोधावी. काही ड्रायरमध्ये ती तांब्याची चपटी पट्टी असते, जी चार तारांच्या जोडणीत काढून ठेवलेली किंवा एका टोकाने सोडवलेली असते. काही ड्रायरमध्ये ती पट्टी नसून आतून येणारी पांढरी किंवा पिवळ्या रेघेची हिरवी तार असते, जी तीन तारांच्या जोडणीत हिरव्या स्क्रूवर आणि चार तारांच्या जोडणीत मधल्या स्क्रूवर जाते. प्रत्येक कंपनीची रचना थोडी वेगळी असल्याने झाकणाच्या आत चिकटवलेली आकृती पाहूनच पुढे जावे. मूळ पट्टी हरवली असेल तर त्याच मॉडेलचा सुटा भाग मागवावा. तारेचा कुठलाही तुकडा तेथे लावू नये.

जुनी कॉर्ड काढून नवी लावताना चपट्या तीन तारांच्या कॉर्डची मधली तार मधल्या स्क्रूवर आणि कडेच्या दोन कडेच्या स्क्रूंवर जातात. कडेच्या दोघींची अदलाबदल झाली तरी बिघडत नाही. मधलीची अदलाबदल कधीही होऊ देऊ नये, कारण मग पट्टीमार्गे बॉडीवर सरळ फेज येते. त्यानंतर पट्टीने मधला स्क्रू आणि बॉडी जोडावी. पत्र्यातील छिद्रात कॉर्ड पकडणारी क्लँप पुन्हा बसवावी. दोन अर्धगोल तुकडे आणि दोन स्क्रू एवढाच तिचा पसारा असतो आणि ती पिशवीतच राहून जाते. ती नसेल तर पत्र्याची धारदार कडा ड्रायरच्या कंपनाबरोबर इन्सुलेशन कापत राहते, आणि कोणी ड्रायर पुढे ओढला की सगळा ताण टर्मिनलच्या स्क्रूंवर येतो. स्क्रू घट्ट आवळावेत. ठोकळा तपकिरी पडला असेल, प्लास्टिक वितळल्यासारखे किंवा कडी निळसर झालेली दिसली, तर तेथे आधीच सैल जोड तापत होता. ठोकळा बदलल्याशिवाय पुढे जाऊ नये.

उलट बाजूने येणाऱ्यांसाठीही हेच लागू आहे. तीन पिनांचा जुना ड्रायर नव्या घरात नेला आणि चार तारांची कॉर्ड लावली, तर पट्टी काढलीच पाहिजे. ती राहिली तर मोटरचा प्रवाह न्यूट्रलबरोबरच अर्थिंगच्या तारेतूनही परतू लागतो, जिच्यात एरवी प्रवाह असता कामा नये. वापरलेला ड्रायर विकत घेतला असेल, तर झाकण उघडून पट्टी पाहिल्याशिवाय तो भिंतीला लावू नये, मग प्लग कितीही नेमका बसत असो. मोबाइल होममध्ये, म्हणजे कारखान्यात बांधून आणलेल्या घरात, तर तीन तारांची सवलत मुळीच नाही.

तरीही या घरासाठी मी नवी लाइनच का सुचवतो? तळघराचे छत उघडे असेल आणि पॅनेल त्याच मजल्यावर असेल, तर अर्थिंगसह तीन तारांची १० गेजची तांब्याची केबल पॅनेलपासून ओढणे हे एका इलेक्ट्रिशियनचे अर्ध्या दिवसाचे काम असते. लहान मुले, शेजारची वॉशिंग मशीन आणि काँक्रीट हे तिन्ही एकत्र असताना साठ वर्षांच्या जुन्या न्यूट्रलच्या एका स्क्रूवर भिस्त ठेवण्याचे कारण मला दिसत नाही. नवी केबल ओढणे जड जात असेल, तर जुन्या तीन तारा इन्सुलेटेड आणि सुस्थितीत असल्यास पॅनेलच्या अर्थिंगपासून १० गेजची तांब्याची स्वतंत्र अर्थिंगची तार सॉकेटपर्यंत आणूनही चार खाचांचे सॉकेट बसवता येते. हा मधला मार्ग संहितेला मान्य आहे. पाण्याच्या जवळच्या पाइपाला तार गुंडाळणे म्हणजे ते नव्हे. पाइपचा पुढचा भाग कोणीतरी प्लास्टिकचा करून गेलेला असू शकतो.

या कामाला नगरपालिकेचे परमिट लागते आणि ते काढावेच, कारण तपासनीस येऊन पॅनेलमधला जोड पाहून जातो, आणि घर विकताना त्याची नोंद कामी येते. संहितेच्या २०२० पासूनच्या आवृत्तीनुसार कपडे धुण्याच्या जागेतील २४० व्होल्टच्या सॉकेटलाही गळती ओळखून पडणारा जीएफसीआय लागतो. आपल्या गावात कोणती आवृत्ती लागू आहे हे तपासनीसाला विचारावे. जुन्या तीन तारांच्या लाइनवरही असा दोन पोलचा ब्रेकर बसवला, तर न्यूट्रल तुटून बॉडीवर आलेली वीज अंगातून जमिनीकडे वाहू लागताच तो पडतो, ही मोठीच जमेची बाजू आहे. मात्र बॉडी न्यूट्रलला जोडलेली असल्यामुळे ड्रायरचा पत्रा वॉशिंग मशीनला किंवा अर्थिंग असलेल्या दुसऱ्या धातूला टेकला की काही प्रवाह त्या वाटेने जाऊन ब्रेकर विनाकारण पडल्यासारखा वाटेल. तो विनाकारण पडत नसतो. दोन्ही मशीनमध्ये बोटभर अंतर ठेवावे.

जोडणी झाल्यावर आधी सॉकेटवर मोजमाप घ्यावे: दोन फेजमध्ये २४० च्या आसपास, प्रत्येक फेज ते न्यूट्रल १२०, आणि चार खाचांच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल ते अर्थिंग जवळजवळ शून्य. दोन फेजमध्ये २०८ व्होल्ट आले तर घाबरू नये. मोठ्या अपार्टमेंट इमारतींत थ्री-फेज पुरवठ्यातील दोन फेज घरात दिलेल्या असतात, आणि तेथे हीटर सुमारे तीनचतुर्थांश शक्तीने चालत असल्यामुळे कपडे वाळायला जास्त वेळ लागतो. न्यूट्रल ते फेज हे दोन आकडे एकमेकांपासून बरेच वेगळे आले, उदाहरणार्थ एक ९५ आणि दुसरा १४५, तर दोष न्यूट्रलमध्ये आहे, कदाचित घराच्या मुख्य न्यूट्रलमध्ये. ड्रायर लावू नये आणि लगेच वीज कंपनीला कळवावे. सगळे जुळले तर ड्रायरमध्ये कपडे टाकून तो गरम हवेवर वीस मिनिटे चालवावा, बंद करून ब्रेकर पाडावा, आणि प्लग काढून त्याच्या पिना हाताने पाहाव्यात. कोमट असणे ठीक आहे. बोट टिकत नसेल, तर सॉकेटच्या आतली पकड सैल झाली आहे. तीन खाचांच्या सवलतीत बसणाऱ्या लाइनवर त्याच जातीचे नवे १०-३० सॉकेट लावता येते, फक्त वायर ॲल्युमिनियमची असेल तर दोन्ही धातूंसाठी मान्य असल्याची खूण असलेलेच घ्यावे.

राहिला पुण्याचा प्रश्न. तेथे हा ड्रायर केवळ प्लग बदलून चालणार नाही. आपल्याकडे २३० व्होल्ट एका फेज आणि न्यूट्रलमध्ये मिळतात, त्यांच्या मध्यावरची तार घरात येत नाही, त्यामुळे हीटरपुरते व्होल्ट मिळतील पण १२० व्होल्टच्या मोटरला जोडायला जागाच नसेल. कोणी मधला स्क्रू न्यूट्रलला जोडून ती फिरवण्याचा प्रयत्न केला, तर मोटरवर २३० व्होल्ट येऊन ती जळेल. मोठा ट्रान्सफॉर्मर लावला तरी ६० हर्ट्झची मोटर ५० हर्ट्झवर संथ फिरते आणि जास्त तापते, शिवाय हीटरचा प्रवाह आपल्या १६ अँपिअरच्या सॉकेटला पेलणारा नाही. परतण्याचे नक्की झाले की ड्रायर येथेच विकावा, आणि विकताना आतली पट्टी कोणत्या स्थितीत आहे हे घेणाऱ्याला लिहून द्यावे.